लिंबू-मिरचीला लागलेली नजर

मुलांनो, चला, एक कल्पना करू. डोळे मिटू नका हं, मिटले तर वाचणार कसं?

तुम्ही गारखेड्यातल्या एका अरुंद गल्लीत, पत्र्याच्या घरात बसला आहात. मे महिना आहे. पंखा फिरतोय, पण वारा गरमच लागतोय. तुमच्या पुढ्यात पाट, पाटावर मोबाईल आणि मोबाईलला झेंडूची माळ. दारात ही मोठी रांग! कडेवर पोरं घेतलेल्या बाया आहेत, काठी टेकत आलेले आजोबा आहेत, परीक्षेत नापास झालेला एक दादा आहे, आणि एक काका तर दूध न देणाऱ्या म्हशीचा फोटो घेऊन आले आहेत. सगळे तुमच्याकडे हात जोडून बघताहेत. बाहेर तुमच्या मैत्रिणी लंगडी खेळताहेत, त्यांचा आरडाओरडा ऐकू येतोय. पण तुम्हाला उठायची परवानगी नाही. पाणी प्यायचं तरी आईच्या तोंडाकडे बघायचं.

जमली कल्पना? मग आता तुम्ही तनुजा झालात.

तनुजा सातवीतून आठवीत गेलेली मुलगी. आई रूपाली घरीच ब्लाऊज शिवायची, वडील वाळूजला कंपनीत पाळीवर जायचे. महिन्यापूर्वी या पोरीला शेजारची गल्लीसुद्धा ओळखत नव्हती. आता मात्र लाखो मोबाईलमध्ये तिचा चेहरा होता.

हे घडलं ते राजेंद्रभाऊंमुळे. हे भाऊ पूर्वी क्रांती चौकात छत्री लावून सिमकार्ड विकायचे. मग त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली, कपाळाला आडवा टिळा लावला आणि 'नजरउतार' नावाचं ॲप काढलं. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर तोंड धरायचं, की तुम्हाला किती टक्के नजर लागलीय ते ॲप सांगणार. मग ती नजर उतरवणारही तेच.

"माय-माउल्यांनो," भाऊ हात हलवत सांगायचे, "पूर्वी नजर बैलगाडीनं यायची, तवा मीठ-मोहरीनं भागायचं. आता ती फाईव्ह-जीनं येते! तिला मिरच्या जाळून काय होणार? आपला सर्व्हर थेट हिमालयात आहे. गुहेत. तिथं कवा लाईट जात नाही!"

बाया माना डोलवायच्या. आपल्या गल्लीत दिवसातून दोनदा लाईट जाते, हिमालयातल्या गुहेत कशी जात नाही, हे कुणी विचारायचं?

पण नुसत्या बोलण्यानं ॲप पसरत नव्हतं. त्यासाठी हवा होता अर्ध्या मिनिटाचा, बघणाऱ्याचं तोंड उघडंच राहील असा व्हिडिओ. भाऊ आपल्या खोलीसाठी काळा पडदा शिवून घ्यायला रूपालीकडे आले, तेव्हा तनुजा तापानं फणफणून खाटेवर पडली होती. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या होत्या. भाऊंनी पोरीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"वहिनी, गोळ्या चालू द्या. पण पोरीला जबर नजर हाय. मी उतरवतो. एक पैसा नको."

त्यांनी काळा पडदा मागं बांधला. काचेच्या वाडग्यात पाणी ओतलं, उदबत्ती लावली, कॅमेरा उभा केला. एका हातात मोबाईल घेऊन तो वाडग्यावर धरला. "बेटा, डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

तनुजानं डोळे मिटले. उघडले तेव्हा वाडग्यातलं पाणी काळंकुट्ट झालं होतं.

दोन दिवसांनी ताप उतरला. भाऊंनी येऊन तिचा दोरीवरच्या उड्या मारतानाचाही व्हिडिओ घेतला आणि दोन्ही एकत्र जोडून सोडून दिले. तो व्हिडिओ असा होता: आजारी मुलगी डोळे मिटून बसली आहे. समोर वाडग्यात काळं पाणी. वर मोबाईल. आणि बघता बघता ते काळं गोळा होतं, त्याचा धागा होतो, धाग्याचा थेंब होतो, आणि तो थेंब पाण्यातून उचलून वर, वर, सरळ मोबाईलमध्ये शिरतो! खाली पाणी कसं, तर काचेसारखं निर्मळ. पुढच्याच क्षणी मुलगी दोरीवर उड्या मारते आहे. खाली मोठ्या अक्षरांत: 'मोबाईलनं नजर शोषली!'

आता सांगा, असा व्हिडिओ कोण पुढं पाठवणार नाही?

शिवाय भाऊंनी नियमच तसा केला होता. व्हिडिओ एका नातेवाइकाला पाठवला, त्यानं ॲप घेतलं, की तुमची नजर थोडी उतरणार. आणखी एकाला पाठवला की आणखी थोडी. आणि शेवटी एक धोक्याची सूचना होती: 'व्हिडिओ मागं नेऊन बघू नये. नजर उलटते.'

याचं कुणाला नवल वाटलं नाही. आपल्याकडे नजर उतरवून उतारा चौकात टाकला की मागं वळून न बघता घरी यायचं, वाटेत कुणाशी बोलायचंही नाही, हे प्रत्येकीला आपल्या आईनं शिकवलेलं. भाऊ म्हणायचे, "चौकातून येताना मागं बघता का? मग व्हिडिओचंही तसंच." हे सगळ्यांना एकदम पटलं. जुनी सवय असली की नवा नियम घशाखाली सहज उतरतो.

तनुजाला मात्र एक गोष्ट सलत होती.

"मम्मी, पाणी शेवटी काळं झालं व्हतं. मी डोळे मिटले तवा चांगलं व्हतं. व्हिडिओत उलटंच कसं दिसतं?"

"तुला तापात काय कळत व्हतं गं?" रूपाली मशीन थांबवून म्हणाली. "सगळी दुनिया बघते ते खोटं, आन् तुझ्या तापातलं खरं व्हय?"

एवढ्या लोकांनी बघितलं म्हटल्यावर आपणच चुकत असू, असं तनुजालाही वाटू लागलं. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला की माणूस कसा अडकतो बघा. दाराला कुलूप लावायचीसुद्धा गरज उरत नाही.

पुढं तर भाऊंनी तिला पाटावरच बसवलं. 'नजर उतरलेली मुलगी' स्वतःच्या हातानं लोकांसमोर मोबाईल धरणार! तिला कंटाळा आला, ती रडली, तेव्हा भाऊ रूपालीला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, आता मध्येच उठली तर इतक्या लोकांच्या उतरलेल्या नजरा हिच्याच अंगावर येतील. मग मी जबाबदार नाही."

ती काही लोभी बाई नव्हती. ती घाबरली होती. पोरीच्या जिवासाठीच ती पोरीला उठू देईना. आणि आपल्याला काही झालं तर आई वेडी होईल, म्हणून तनुजा उठेना. दोघी एकमेकींच्या मायेतच अडकल्या होत्या.

एक दिवस रांगेत तिची मैत्रीण उजमा येऊन बसली. उजमा मागच्याच घरातली. लंगडीत तनुजाची जोडीदार.

"तू कशाला आली गं?"

"नजर उतरवायला," उजमा गंभीर तोंड करून म्हणाली. मग हळूच, "तू भेटतच नाय तर काय करू? मोबाईल धर माझ्यासमोर, आन् ओठ हलव. तुझी मम्मी बघतीया."

तनुजानं मोबाईल धरला. 'नजर: त्र्याण्णव टक्के.'

"बापरे! मेलेच मी," उजमा कुजबुजली. "ए, तुझा व्हिडिओ लाव ना. मला एक दाखवायचंय."

भिंतीवरच्या टीव्हीकडे बघावं तशा दोघी त्या व्हिडिओकडे बघू लागल्या. काळा थेंब वर चढला.

"थेंबाकडं नको बघू. सगळे तिथंच बघतात. कोपऱ्यात बघ. उदबत्ती."

तनुजानं बघितलं. वाडग्याच्या कडेला उदबत्ती होती. तिचा धूर वरून खाली येत होता. हवेतून वळसे घेत घेत खाली यायचा आणि उदबत्तीच्या टोकात शिरायचा.

"धूर खाली जातो का गं कवा?" उजमानं विचारलं.

"मागं नेऊन बघू?" तनुजा कुजबुजली.

"बघ की."

"नको. नजर उलटली तर? मम्मी..."

"चला, पुढचे या!" राजेंद्रभाऊंचा माणूस ओरडला आणि उजमाला उठावं लागलं.

दुपारी रांग जेवायला पांगली. आई मोरीत होती. तनुजा एकटीच मोबाईलसमोर बसली. मुलांनो, रिकाम्या घरात मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवायला एवढं धैर्य कशाला लागतं, असं तुम्हाला वाटेल. पण लहानपणापासून 'मागं बघू नको' ऐकलेल्या पोरीला ते बोट खडकाएवढं जड होतं. आपण आता आजारी पडणार, असं तिला खरंच वाटत होतं.

तरी तिनं थेंब मोबाईलमध्ये शिरतो त्या क्षणावर बोट ठेवलं आणि हळूहळू मागं सरकवलं.

धूर वर जाऊ लागला.

वाडग्यातलं पाणी स्वच्छ होतं. मोबाईलच्या मागून एक काळा थेंब टपकला, पाण्यात पडला, त्याचा धागा झाला, धागा पसरला आणि पाणी काळंकुट्ट झालं. तिला तापात दिसलं होतं अगदी तसं! मोबाईलच्या मागं, काळ्या पडद्यापुढं, भाऊंच्या बोटांत एक छोटा काळा ड्रॉपर लपला होता. सुलटा व्हिडिओ तो हाच. लोक जो बघत होते तो उलटा फिरवलेला होता.

तनुजानं कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

पण सांगायचं कुणाला? आईला सांगितलं तर ती आधी विचारणार, 'तू मागं नेऊन बघितलंस?' आणि भीतीनंच अर्धी होणार. तनुजानं मोबाईल पुन्हा पाटावर ठेवला. कळलं तरी सुटका नाही, हे अडकणं तर आधीपेक्षा वाईट.

संध्याकाळी भाऊंचं 'लाईव्ह' होतं. दारात रिंग लाईट लागली, गल्ली माणसांनी भरली. भाऊंनी सुरुवात केली, "जोडलेल्या सर्व भक्तांना नमस्कार! बघा बघा, बोटानं हार्ट दाबा, तेवढीच पुण्याई!"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. जमिला खाला, उजमाची आई, पदरात आपल्या तान्ह्या बाळाला, अल्तमशला घेऊन आत आली. मागं उजमा तिचा हात ओढत होती. "अम्मी, दवाखान्यात चल ना! अम्मी!"

"चुप बैठ गे!" जमिला धापा टाकत म्हणाली. "तनू बेटी, देख ना इसकू. कल से दस्त लगे, उलट्या भी. दूध पकडतच नै. मेरी ननंद ने भी तेराच व्हिडिओ भेजा, भाभी ने भी भेजा. सब बोले, पहले नजर उतरा."

नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. गल्लीतल्या सगळ्या ड्रमांत तळाचं गढूळ पाणी राहिलं होतं. पण ड्रमाकडे कुणाची नजर गेली नव्हती.

भाऊंना आनंद लपवता आला नाही. "आणा आणा, बाळाला इकडं आणा! चेहरा लाईटमध्ये येऊ द्या. आणि ताई, एकदा उतारा सुरू झाला की मध्येच उंबरा ओलांडायचा नाही हां. लेकरावर उलटेल."

जमिला मटकन खाली बसली. आता ती हलणार नव्हती.

तनुजानं बाळाकडे पाहिलं. त्याचे डोळे खोल गेले होते. ते रडत होतं, पण रडण्याला आवाज नव्हता आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता. टाळूची जागा खड्ड्यासारखी आत ओढली गेली होती.

"खाला, याला दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "आत्ता."



"ऐकलंत?" भाऊ कॅमेऱ्याकडे वळून ओरडले. "हीच ती नजर! पोरीच्या तोंडून बोलायला लागली!"

बघा, कसा सापळा आहे! हो म्हणा, तर चमत्कार खरा. नाही म्हणा, तरी चमत्कार खरा. बोलून इथं काही व्हायचं नव्हतं. तनुजाच्या ते लक्षात आलं. तिनं पाटावरचा मोबाईल उचलला, उठून उभी राहिली आणि कॅमेरा दारावरच्या लिंबू-मिरचीसमोर धरला.

ॲपनं किणकिणाट केला. 'नजर: पंचाण्णव टक्के. नातेवाइकांना पाठवा.'

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "अरे, राखणदारालाच नजर लागली की!"

"त्यानं शोषून घेतलीया ती!" भाऊ गडबडले. "घराची समदी नजर त्यातच..."

तनुजानं मोबाईल भिंतीसमोर धरला. त्र्याण्णव. बादलीसमोर धरला. चौऱ्याण्णव. मग वळून भाऊंच्याच तोंडासमोर धरला. 'नजर: शहाण्णव टक्के. त्वरित उपाय करा.'

आता मात्र गल्ली खदखदून हसली. म्हशीचा फोटो आणणारे काका म्हणाले, "भाऊ, तुम्ही आधी रांगेत उभं राहा!"

"वहिनी, पोरीला धरा!" भाऊ ओरडले. "तिच्यावर उलटायला लागलीय!"

रूपालीनं धावत येऊन तनुजाचे दोन्ही खांदे घट्ट पकडले. "तनू, बस गं खाली. हात जोडते."

"मम्मी, एकदाच बघ. मी दुपारी मागं नेऊन बघितलाय. मला काय झालंय का? हात लाव. ताप हाय का?"

"नेऊ नको मागं! बघू नका गं बायांनो!" दोघी-तिघींनी पदर डोळ्यांवर घेतला.

रूपालीनं डोळे मिटले नाहीत. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला. मग मोबाईलच्या पडद्याकडे पाहिलं. तनुजानं व्हिडिओ लावला आणि बोट मागं सरकवलं. धूर वर गेला. मोबाईलच्या मागून थेंब खाली पडला.

रूपाली वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा लाव."

तनुजानं पुन्हा लावला.

"शाई हाय ही," रूपाली म्हणाली. तिचा आवाज चढला. "माझ्या तापलेल्या लेकरासमोर बसून शाई टाकत व्हता व्हय रे, मुडद्या? आन् मला भ्या घालत व्हतास?"

मग ती जमिलाकडे वळली. बाळाला तिच्या मांडीवरून उचललं, छातीशी धरलं आणि तो उंबरा एका ढांगेत ओलांडला. "उठ जमिला! ए, रिक्षा थांबवा कुणीतरी! घाटीच्या दवाखान्यात चला!"

राजेंद्रभाऊ घाईघाईनं लाईव्ह बंद करायला धावले, तर म्हशीवाल्या काकांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या चालू. बघू द्या की लोकांना."

घाटीत डॉक्टरबाईंनी बाळाला तपासलं, लगेच सलाईन लावलं. "अंगातलं पाणी संपलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी असतानाच उकळून गार केलेल्या पाण्यात क्षारांची पुडी कालवून थोडं थोडं पाजत आणायचं. वाट बघत बसायचं नाही. अजून उशीर केला असता तर मी तरी काय केलं असतं?" पहाटेपर्यंत अल्तमशनं डोळे उघडले आणि असं भोकाड पसरलं, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. या वेळी त्याच्या गालांवर पाणी होतं. जमिला ते पाणी पुसेना. नुसतं बघत राहिली.

मुलांनो, आता ही युक्ती नीट समजून घ्या. थेंब वर गेला नव्हता, व्हिडिओ उलटा फिरवला होता. टक्केवारी कुठून मोजून येत नव्हती, कॅमेऱ्यासमोर काहीही धरा, ॲप नव्वदच्या पुढचा कुठलातरी आकडा फेकायचं. ताप गोळ्यांनी उतरला होता. आणि आकडा कमी व्हायचा तो तुम्ही आणखी एका घाबरलेल्या माणसाला ओढून आणल्यावरच. उतरत होती ती नजर नव्हे, चढत होतं ते ॲप. जितके जास्त मोबाईल, तितक्या जास्त जाहिराती, आणि तितका भाऊंना जास्त पैसा. भाऊंचा हिमालय तो एवढाच.

म्हणून कुणी म्हणालं 'मागं वळून बघू नका', की आधी तिथंच बघा. खऱ्या गोष्टीला उलटं, सुलटं, पुन्हा पुन्हा बघितलेलं चालतं. लाख लोकांनी पुढं पाठवलं म्हणून धूर खाली जात नाही. आणि लेकरू आजारी असेल तर आधी डॉक्टर. 'पहिलं नजर, मग दवाखाना' असलं काही नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. भाऊंच्या खोलीला कुलूप लागलं हे खरं. पण व्हिडिओ? तो काही कुलपात राहत नाही. लाईव्हमधलं उघडं पडणं थोड्यांनीच बघितलं. तो काळा थेंब मात्र कुठं कुठं अजून वर चढतच होता, आणि त्याच्यासमोर डोळे मिटून बसलेली तनुजाही. ती घरातल्या पाटावरून उठली होती, पण परक्या माणसांच्या मोबाईलमधून तिला उठता येत नव्हतं.

थोड्या दिवसांनी सकाळी दाराची कडी वाजली. अजिंठ्याकडून पहिल्या एसटीनं आलेली गोजरबाई नावाची म्हातारी उभी होती. सोबत नात, तिच्या कानातून पू वाहत होता.

"नजर उतरवणारी पोरगी हितंच ऱ्हाती का, माय?"

रूपालीनं लाजेनं मान खाली घातली. "नाय मावशी, तसलं काय नसतंय. जावा तुम्ही."

ती दार लोटणार, तोच तनुजा आतून आली. तिनं दार पूर्ण उघडलं. म्हातारीला आत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. मग कोपऱ्यातला काचेचा वाडगा घेतला, त्यात पाणी ओतलं, पेनातली शाई टिपली आणि एक थेंब टाकला. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला, उलटा फिरवला आणि गोजरबाईच्या हातात दिला. म्हातारी बघत राहिली. नात म्हणाली, "ए आजी, मी पण करते!" आणि तिनं स्वतःच्या हातानं दुसरा थेंब टाकला.

गोजरबाईनं सुस्कारा सोडला. "मंग आमी आता कुठं जावं, पोरी?"

तनुजानं आईकडे पाहिलं नाही, कुणाची परवानगी मागितली नाही. तिनं दारातल्या चपला पायांत सरकवल्या, उजमाला हाक मारली, त्या नातीचा हात धरला आणि दवाखान्याची वाट दाखवायला उन्हात पुढं निघाली.